आमचा रापणीतला वाटा

आजोबांनी मागे काय ठेवलं, असा विषय निघाला की आमची मुंबईची चुलत भावंडं हसतात. "एक कुजकं जाळं आणि एक कजाग सून!" असं म्हणतात आणि एकमेकांना टाळी देतात. हसा बापडे. ती कजाग सून म्हणजे माझी आई. मी आता म्हातारी झाले, कुणाची भीड धरायचं वय राहिलं नाही, म्हणून ही गोष्ट एकदा सांगूनच टाकते. ज्यांना ऐकायची नसेल त्यांनी उठून जावं.

तेव्हा सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा नव्हता, आम्ही रत्नागिरीतच मोडत होतो. गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता. मालवणपासून चालत दीडेक तासावर आमची वाडी. पुढे समुद्र, मागे भाताचे चार कुणगे, मध्ये माडांत आमचं मातीच्या भिंतींचं घर. वडील मुंबईत गोदीवर कामाला, काकाही तिकडेच. घरात आजोबा, आई, मी आणि माझी धाकटी बहीण एवढीच माणसं. आजी मी पाहिलीच नाही.

आजोबा रापणकर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. एका दोरीचं टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धा वळसा घालते आणि दुसऱ्या दोरीचं टोक किनाऱ्यावर आणून देते. मग दोन्ही दोऱ्यांना माणसं लागतात आणि जाळं मासळीसकट वाळूवर ओढून आणतात. हे जाळं कुणा एकाचं नसतं. आमच्या रापणीत तीसेक घरं होती आणि प्रत्येक घराने आपापला तुकडा विणून आणलेला. ते सगळे तुकडे एकमेकांना गाठवले की रापण तयार होई. ज्या घराचं जाळं आणि ज्या घराचा हात, त्या घराला वाटा. आमचा तुकडा अगदी मधोमध होता, जिथे मासळी येऊन कोंडते तिथे. ती जागा आजोबांनी भांडून घेतली होती, हे सांगायला नकोच.

भांडण हा त्यांचा धर्म होता. देवळात आमच्या वाडीला प्रसाद सगळ्यांत शेवटी मिळायचा. एका वर्षी आजोबांनी विचारलं, शेवटी का? तेव्हापासून ते नारळ घेऊन देवळात गेलेच नाहीत, सरळ समुद्रात सोडायचे. पुजाऱ्याने वाटेत अडवून विचारलं तर म्हणाले, "हयसर कोणाक पयलो नि कोणाक शेवटचो नाय." असला माणूस. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. माझा त्यांच्यावर फार जीव होता आणि त्यांचा माझ्यावर. मला पाठुंगळीला घेऊन ते अख्खी वाळू फिरायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "ह्या माझा चेडू. ह्याच्या वाटेक जाव नको."

आमच्याकडे जाळ्याला बायकांचा पाय लागलेला चालत नसे. वाळत घातलेलं जाळं ओलांडायचं नाही, लांबून वळसा घालून जायचं. मासळी रुसते म्हणे. मासळी विकायला मात्र बायकाच डोक्यावर टोपल्या घेऊन बाजारात जायच्या, तेव्हा ती रुसत नसे! आजोबांनी मला आठव्या वर्षी जाळं विणायला बसवलं. हातात सुई दिली, जाळ्याच्या घराचं, म्हणजे भोकाचं, माप धरायला बांबूची पट्टी दिली, आणि खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सगळ्यांना दिसेल असं बसवलं. शेजारचे एक काका येऊन म्हणाले, चेडवाच्या हातचं जाळं बरं नव्हे. आजोबा म्हणाले, "जाळा कोणी विणला ता बांगडो इचारता काय रे? तुका कधी बोल्लो?" काका पुन्हा त्या वाटेला आले नाहीत.

पण इथे मला खरं सांगायलाच हवं, नाहीतर आजोबांची मूर्ती करून देव्हाऱ्यात बसवल्यासारखं होईल. दहा वर्षांची असताना मी एकदा रापण ओढताना दोरीला हात लावला. आजोबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीत धपाटा घातला. "घरात बसान काय व्हया ता कर. दोरी बायलमाणसाची न्हय." त्यांचं बंड आमच्या खळ्यापर्यंत होतं, वाळूवर ते इतरांसारखेच होते. त्या धपाट्याचा राग मला अजून आहे, त्यांच्यावरची माया जशी अजून आहे तसाच.

आई तर त्यांच्यापुढे उभीही राहत नसे. बोलायचं झालं तर माझ्यामार्फत. "तुझ्या आवशीक सांग, पेज व्हयी." "आज्याक सांग, जेवणाची पानां घेतली." दोघं चार हातांवर असायची आणि मधे मी. मला बोलता यायला लागल्यापासून दोघं एका घरात अशी बोलली.

आजोबा आषाढात गेले. तीन दिवस ताप आला आणि संपलं. पाऊस इतका होता की वडील तिसऱ्या दिवशी पोचले, आणि तेराव्यानंतर परत गेले. नारळी पौर्णिमा झाली, रापणीची तयारी सुरू झाली, तेव्हा तांडेल घरी आला. तांडेल म्हणजे रापणीचा प्रमुख, आजोबांच्या वयाचा, त्यांच्याबरोबर आयुष्यभर ओढलेला. पडवीत बसून पाणी प्यायला. मग म्हणाला, "जाळा ऱ्हवांदे आमच्यात. मधलो तुकडो आसा, काढलो तर खिंड पडात. पण घरात हात नाय. हात नाय तर वाटो नाय, ह्यो नियम तुझ्या सासऱ्यानच लावन दिल्लो. जाळ्याची म्हणान मूठभर मासळी धाडतलंव."

आई दाराआड उभी होती. आमचं जाळं हवं, मधोमध हवं, आणि वाटा मात्र नाही! मी तेरा वर्षांची, मला तो हिशेब कळला. मोठ्या माणसांना कळला नाही असं कसं म्हणायचं? दीड महिना आमच्याकडे मूठभर मासळी येत राहिली. कधी सहा बांगडे, कधी चार तारल्या. वाटा असता तर टोपली भरून आली असती, आम्ही खाल्ली असती, सुकवली असती, बाजारात नेली असती. वडिलांना पत्र लिहिलं. त्यांचं कार्ड आलं: जाळं रापणीला देऊन टाका, मी पाठवतो त्यात भागवा, बाईमाणसाने किनाऱ्यावर वाद घालू नये. मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! मी कार्ड वाचून दाखवलं. आईने ते माझ्या हातातून घेतलं आणि चुलीत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरून हाळी आली. पाणी काळंनिळं झालं होतं, बांगड्याचा मोठा थवा होता. आईने कासोटा घट्ट खोचला, मला म्हणाली, "टोपली घे. मोठी." नेहमीच्या बायका टोपल्या घेऊन वर माडांत उभ्या होत्या. आई त्यांच्यापाशी थांबली नाही. ती सरळ पाण्याकडे गेली आणि ओढणाऱ्यांच्या रांगेत पुढे शिरून तिने दोरी धरली.

मागच्या माणसांनी दोरी सोडली. एकाने, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. हात भाजल्यासारखी. कुणीतरी ओरडलं, "गो, बाजूक हो!" आई हलली नाही. ती टाच वाळूत रुतवून एकटी उभी होती आणि समुद्र तिला दोरीसकट आत खेचत होता. मी टोपली टाकून धावले आणि तिच्या मागे दोरी पकडली.

आता रापणीचं असं असतं की ती मध्येच थांबवता येत नाही. दोन्ही दोऱ्या सारख्या यायला हव्यात. पलीकडची माणसं ओढतच होती, त्यांना काय माहीत! जाळं एका अंगाला कलंडायला लागलं. थवा त्या बाजूने निसटला असता तर तीस घरांची सकाळ वाया गेली असती. तांडेल धावत आला. त्याने आईकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं.

आई म्हणाली, "तुमी सांगलास, घरात हात नाय. हे दोन आनी ते दोन. मोजा."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला. तांडेल शिव्या घालत राहिला, कुणाला ते समजलं नाही, आईला की आपल्या माणसांना. पण दोरी धरली त्याने, आणि त्याच्यामागे बाकीच्यांनी. अर्ध्या तासाहून जास्त वेळ आम्ही ओढत होतो. रापण वाळूवर आली तेव्हा जाळं चांदीसारखं हलत होतं. त्या दिवशी बांगडा भरपूर होता, हे मी मुद्दाम सांगणार. नसता तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं असतं हे काय मला कळत नाही?

मग वाटे घातले. वाळूवर घरागणिक एकेक ढीग. तांडेलाने आमचा ढीग घातलाच नाही. शेवटी उरलेल्यातली दोन्ही हातांची ओंजळ भरून आईच्या पुढ्यात टाकली. वाटेने जाणाऱ्या परक्या माणसाने जरा दोरीला हात लावला तर त्याला देतात, तेवढी.

आईने त्या मासळीला हात लावला नाही. ती चालत गेली ती थेट जाळ्यावर. ओलांडलं नाही, वळसा घातला नाही, पाय देऊन मधोमध गेली आणि आमच्या तुकड्यापाशी मांडी घालून बसली. तिने दोन तुकडे जोडणाऱ्या गाठी एकेक करून सोडायला घेतल्या. बोटं सोलवटलेली होती, गाठी ओल्या होत्या, पण तिला घाई नव्हती.

"काय करतंस ता?" तांडेल ओरडला.

"माझा जाळा घराक नेतंय. खिंड तुमी बुजवा."

पाचवी की सहावी गाठ सुटली तेव्हा तांडेल वाकला. प्रत्येक ढिगातून मूठमूठ उचलून त्याने आमचा ढीग घातला. रिवाजाप्रमाणे वाटा पुकारायचा असतो. तो पुकारला, "म्हाताऱ्याचो वाटो!"

"म्हातारो गेलो," आई म्हणाली. "माझो म्हणा."

आई पुढच्या गाठीला लागली. मग तो तोंड फिरवून म्हणाला, "बायचो वाटो." तेव्हा आईने मला खूण केली आणि मी टोपली भरली. सुटलेल्या गाठी तिने तिथेच बसून परत मारून दिल्या.

शिमग्याला वडील बोटीने आले. बातमी त्यांना मालवणच्या धक्क्यावरच कळली होती. घरात शिरले ते तणतणतच. आईने बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला आणि समोर बसली. एव्हाना तिच्या तळहातांना घट्टे पडले होते आणि ती ते लपवत नव्हती.

"बाबा आसते," वडील म्हणाले, "तर तुका दोरीक हात लावूक दिले नसते."

"नसतेच दिले," आई म्हणाली. "पण वाटो मिया तेंच्याकडसूनय घेतलो आसतो. जेवा आता."