वाघाचा सोमवार

मी क्रेन चालवतो. आखातातल्या हमद पोर्टच्या धक्क्यावर माझी क्रेन जहाजावर हात पसरून उभी असते आणि त्या हाताखाली माझी केबिन पुढेमागे सरकते. पायाखाली काच. काचेखाली समुद्र, जहाज आणि मुंगीएवढी माणसं. जहाजातला कंटेनर उचलायचा आणि खाली उभ्या ट्रेलरवर असा ठेवायचा की चारही कोपरे खुंट्यांवर एका दमात बसले पाहिजेत, वारा असो की नसो. माझे बसतात. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, सांगतोच फुशारकी म्हणून. सिंधुदुर्गातल्या एका वाडीतला, आयटीआय शिकलेला माणूस या केबिनपर्यंत पोचला, तर कॉलर थोडी ताठ करायला हरकत नसावी.

ही केबिन माझ्या हातून जायची वेळ आली ती साखरेमुळे. गोळ्या चालू होत्या, पण मी त्या जेवणानंतरच्या बडीशेपेसारख्या घ्यायचो, घेतली की काम झालं. कंपनीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरबाईंनी रिपोर्ट माझ्यासमोर सरकवला. त्या केरळच्या, आमचं बोलणं हिंदीतून.

“गोली से काम नहीं बन रहा,” त्या म्हणाल्या. “तीन महीने देती हूँ. फिर इन्सुलिन. और इन्सुलिनवाले को कंपनी ऊपर नहीं बिठाती, आपको मालूम है.”

मालूम होतं. आमच्यातला एक जण असाच खाली उतरला होता आणि आता यार्डात कंटेनरांची सीलं तपासत उन्हात फिरत होता. कामात कमीपणा काही नाही. पण मी बाहेर आलो आणि मला भयंकर राग आला. डॉक्टरबाईंचा नव्हे, माझ्या पोटाचा. पंधराएक वर्षं दोन्ही हातांनी कमावलेलं या पोटाने घालवायला काढलं होतं.

माझ्याच क्रेनवर दुसऱ्या पाळीला जॉर्डनचा एक ऑपरेटर आहे. त्याने वर्षभर भाकरी आणि भाताला हात लावला नव्हता. मांस, मासे, अंडी, तूप, दूधदुभतं, म्हणजे जनावराकडून येतं तेवढंच खायचं. आधी मी त्याची टर उडवायचो. आता शिफ्ट बदलताना त्याला शिडीपाशी गाठून विचारलं, नेमकं काय खातोस. तो हसला आणि बोटांवर मोजत म्हणाला, “लहम, लहम, लहम. खलास.” लहम म्हणजे मांस. पथ्य एवढंच.

डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्यांच्या कपाळावर आठी पडली. मी हे करा असं म्हणणार नाही, पण तुम्ही ऐकणार नाही हे दिसतंय, म्हणाल्या. त्यांनी एक गोळी कमी केली, रोज सकाळी साखर बघायला सांगितली, मधूनमधून रक्त तपासायला बोलावलं आणि बजावलं की जरा जरी गरगरलं तरी शिडी चढायची नाही. मी मान डोलावली.

आता कोणी म्हणेल, कोकणी माणसाला मासेमटण खायला सांगितलं तर त्यात कसली तपश्चर्या? मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच दिवशी डोळे उघडले. मासा हे आमच्याकडे निमित्त असतं, जेवायचा असतो तो भात. बांगड्याचं तिखलं भातावर ओतण्यासाठी असतं आणि वर सोलकढी असते. ताटात नुसता मीठ लावून भाजलेला बांगडा, शेजारी काही नाही, असं बघितल्यावर कोणीतरी अर्ध्यातून उठून गेल्यासारखं वाटलं.

शहरातल्या अल मन्सूरा भागात, आमच्या खोलीत आम्ही चौघे मराठी. स्वयंपाकाच्या पाळ्या लावलेल्या, ज्याची पाळी त्याने चौघांचं करायचं. त्यातला एक लातूरकडचा एसी मेकॅनिक, गळ्यात तुळशीची माळ, अंडंसुद्धा न खाणारा. त्याच्यासमोर रोज मटण शिजवायचं म्हणजे माझ्याच जिवावर आलं. मी वेगळा तवा, वेगळं पातेलं आणलं आणि खिडकीजवळच्या शेगडीवर माझी चूल मांडली. पण माझी पाळी मी सोडली नाही. वरणभात, भाजी, चपात्या सगळं करायचो, फक्त चव घ्यायची नाही. परिणाम असा झाला की कधी वरण खारट, कधी अळणी. शेवटी लातूरकर माझ्या पाळीला शेगडीपाशीच उभा राहू लागला. “भाऊ, तुमी हात चालवा, जीभ मी चालवतो,” म्हणायचा. ती तर त्याची कायमच चालते.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. डोकं जड, पोटऱ्यांत गोळे, तोंडाला विचित्र चव आणि सकाळच्या कामाचं तर विचारूच नका. एकदा शिडीच्या पायथ्याशी डोळ्यांपुढे अंधारी आली. मी शब्द पाळला, सुपरवायझरला सांगितलं आणि त्या दिवशी वर गेलो नाही. खाली सावलीत बसून माझ्या जागी दुसऱ्याला कंटेनर उचलताना पाहिलं. त्याचे कोपरे एका दमात बसत नव्हते. बघवत नव्हतं.

जॉर्डनवाल्याने सांगितलं, मीठ वाढव, पाणी वाढव, हाडांचं सूप पी. डॉक्टरबाईंना विचारलं, त्यांनी रक्तदाब बघून हो म्हटलं. मी पायाचं सूप उकळायला लागलो आणि खाटकाकडे “चरबी काढू नका” असं सांगायला लागलो, तेव्हा तो माझ्याकडे संशयाने बघायचा. हळूहळू शरीराने हट्ट सोडला. दुपारी केबिनमध्ये डोळ्यांवर जी झापड यायची ती येईनाशी झाली. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं, आतल्या बाजूला. सुजणारे घोटे मुकाट जागेवर गेले. सकाळची साखर खाली येऊ लागली आणि मी तिचा आकडा खोलीत मोठ्याने जाहीर करायचो, कोणी विचारो न विचारो.

फक्त मंगळवारी आकडा जाहीर व्हायचा नाही. कारण मंगळवारी तो उसळलेला असायचा.

आधी मी साखर मोजायच्या यंत्राला दोष दिला, मग रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांना. मग वाटलं, आठवड्याचा थकवा असेल. डॉक्टरबाईंकडे गेलो तर रिपोर्ट सुधारलेला, पण पुरेसा नाही. “कुछ तो खा रहे हैं आप,” त्या म्हणाल्या. माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. एक शित भाताचं पोटात गेलेलं नव्हतं. छातीठोकपणे सांगितलं, मॅडम, हवी तर माझ्याकडून शपथ घ्या. त्यांनी शपथ घेतली नाही, राहिलेले आठवडे सांगितले.

आता सोमवारचं सांगायला हवं. माझी आई आयुष्यभर सोमवार करायची. ती गेली तेव्हा मी इथे होतो. विमान मिळून घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. तिच्या हातचं काही माझ्या वाट्याला राहिलं नाही, म्हणून दिवसकार्य झाल्यावर मी तिचा सोमवार घेतला. आमच्याकडे घेतात असा, मोठ्या माणसाचा उपवास पुढे चालवतात. तेव्हापासून एकही सोमवार मोडला नाही. उपवासाला मटण चालणार नव्हतं, म्हणून मी सोमवारी मटण बंद ठेवलं आणि आई करायची तशी साबुदाण्याची खिचडी केली. सोबत उकडलेला बटाटा. संध्याकाळी केळं. उपवासच तो, त्यात काय बिघडणार? उपवासाचं खाणं मी खाण्यात कधी धरलंच नव्हतं. मी डॉक्टरबाईंना खोटं बोललो नव्हतो. माझ्या हिशेबी मी सोमवारी काही खातच नव्हतो.

खिचडीचं आणि माझं जुनं आहे. सोमवारी शाळेतून आलो की आई ताटली पुढे ठेवायची, वर ओलं खोबरं, आणि समोर पाटावर बसून बघत राहायची. मी विचारायचो, तू? ती म्हणायची, “तू खा. मी खातंय मागसून.”

त्या सोमवारी मी खिचडी परतत होतो. लातूरकर कामावरून आला, पातेल्यात डोकावला आणि म्हणाला, “अहो भाऊ, सहा दिवस वाघ अन् सोमवारी शेळी? एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणत्यात ते हेच की!” मी त्याच्यावर उखडलो. माझ्या आईच्या उपवासाला नावं ठेवायची नाहीत, असं चढ्या आवाजात सुनावलं. तो बिचारा टॉवेल घेऊन अंघोळीला गेला.

तेवढ्यात गावाहून बायकोचा व्हिडिओ कॉल आला. मी रागातच होतो. ताटली कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हटलं, बघ, लोक माझ्या सोमवारावर हसतात. आईचा सोमवार मी तिच्यासारखाच करतो, यात हसण्यासारखं काय आहे?

बायको ताटलीकडे बघत राहिली. ती हसली नाही.

“अवो,” ती म्हणाली, “आये साबुदाणो कधी खायत नसत.”

मी म्हटलं, काहीतरीच काय, दर सोमवारी करायची.

“करीत. तुमच्यासाठी. तुमका आवडता म्हणान. तेंचो सोमवार म्हणजे दिवसभर पाणी नि सांजवेळेक एक पेलो ताक. मी इतकी वर्सा बघितलंय ना. तुमी हय नसताना घरात मीच हुतंय.” मग म्हणाली, “तुमी दर्यापार गेलास नि घरात साबुदाणो भिजूचोच बंद झालो.”

माझ्या हातात ताटली तशीच राहिली. माझ्या आईला माझी बायको माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती, कारण आईबरोबर तिने दिवस काढले होते, मी फक्त सुट्ट्या काढल्या होत्या. मला रडू आलं. बायकोने फोन ठेवला नाही.

लातूरकर अंघोळ करून आला तेव्हा मी ती ताटली त्याच्यापुढे ठेवली. त्याने काही न विचारता खाल्ली आणि मीठ बरोबर आहे असं सांगितलं.

पुढच्या सोमवारपासून मी आईचा सोमवार करू लागलो, खरा. आधी डॉक्टरबाईंना विचारलं. साबुदाण्याचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि सोमवारच्या गोळीची वेळ बदलून दिली. दिवसभर नुसतं पाणी मात्र त्यांनी मानलं नाही, दुपारीही काहीतरी घ्यायचं ही त्यांची अट. ती अडचण इथल्या दुकानांनी सोडवली. लबान नावाचं ताक बाटलीत मिळतं, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडेसुद्धा. दुपारी एक ग्लास, संध्याकाळी एक ग्लास. जॉर्डनवाल्याला सांगितलं, तर त्याने निकाल दिला की लबान जनावराचंच, त्यामुळे पथ्यही मोडत नाही. आई आणि जॉर्डन दोघांचं एकमत झालं म्हटल्यावर मी कोण बोलणार?

मंगळवारचा आकडा मी खोलीत जाहीर करायला लागलो. लातूरकर टाळ्या वाजवायचा.

मुदत संपली त्या दिवशी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. साखर खाली आली होती. वजन उतरलं होतं. इन्सुलिनचं नाव निघालं नाही. “आप ऊपर ही रहिए,” त्या म्हणाल्या. मग लगेच बोट वर करून बजावलं, कोलेस्टेरॉल वाढलंय, हे फार दिवस चालणार नाही, पालेभाजी परत आणा, चरबीला आवर घाला. ते मी आता करतो. ताटात भाजी आली, भात आला नाही. जॉर्डनवाला मला गद्दार म्हणतो. पण त्या दिवशी मी क्लिनिकमधून थेट पोर्टवर गेलो, शिडी न थांबता चढलो आणि पहिलाच कंटेनर असा ठेवला की खालच्या ट्रेलरवाल्याने खिडकीतून हात बाहेर काढून अंगठा दाखवला. एवढा अभिमान मला क्रेनचा परवाना मिळाला तेव्हाही वाटला नव्हता. तो परवाना कंपनीने दिला होता, हा मी पोटाकडून काढून घेतला होता.

मे महिन्यात गावी गेलो. ऐन आंब्यांच्या दिवसांत आंब्यांकडे पाठ करून बसलो, हे गावात कोणाला खरं वाटलं नाही. वाडीतले लोक पट्ट्याची भोकं मोजून गेले.

सोमवार आला. बायकोने सकाळीच साबुदाणा भिजवला होता. मुलीला आवडतो. तो माझ्यासाठी नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दुपारी मुलगी बाहेरून खेळून आली, हातपाय धुऊन बसली. मी म्हटलं, मी वाढतो. ताटली तिच्यापुढे ठेवली, वर ओलं खोबरं घातलं आणि समोर पाट ओढून बसलो. भूक लागली होती, चांगलीच. वास नाकात जात होता. ती दोन घास खाऊन थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “बाबा, तुमी?”

मी म्हटलं, “तू खा. मी खातंय मागसून.”