दत्ताभाऊंच्या दारात

मित्रांनो, घाईत लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

आज पहाटे आमचे दत्ताभाऊ गेले. रोहा-अष्टमीत कुणाला दवाखान्यात न्यायचं असो की मैताची तयारी, लोक आधी त्यांच्याकडे धावायचे.

अंत्यदर्शनासाठी त्यांना समाजाच्या सभागृहात ठेवायचं मंडळींनी ठरवलं. वहिनींना विचारायला मला पाठवलं.

वहिनी भाऊंच्या उशाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही हाक मारलीत की हे भरल्या ताटावरून उठून यायचे. मी कधी अडवलं नाय. आज हे कुठं येणार नाय."

"पण वहिनी, पेणवरनं लोकं निघालीत..."

"येऊ देत. बाहेर बसवा. मला यांच्याशी जरा बोलायचंय."

मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. मंडळी माझ्यावर चिडली, पण रस्त्यावरच बसून राहिली. आतून वहिनींचा हळू आवाज येत होता. नातीच्या शाळेचं काहीतरी सांगत होत्या.

स्मशानात न्यायची वेळ झाली, तरी दार वाजवायला कुणी पुढे होईना. शेवटी मीच वाजवलं. आतला आवाज थांबला, आणि वहिनींनी दार उघडलं.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. अजून थोडं थांबायला हवं होतं का? तुम्ही काय केलं असतं?