शेळीचा दुसरा सिनेमा आणि गौरीचा फेर

गौरी घरी आल्या की आमच्या वाडीत बायका फेर धरतात. जुनी गाणी असतातच, पण एखादं नवं लागतं, आणि ते सिनेमाच्या चालीवर बसवायचं ही आमच्याकडची रीत. चाल सिनेमाची, शब्द गौरीचे. शब्द मी करते आणि माझी थोरली जाऊ पुढे उभी राहून म्हणते. तिचा आवाज खालच्या वाडीपर्यंत जातो. माझा चुलीपर्यंत.

मधे काही वर्षं अशी गेली की फेरात आम्ही म्हाताऱ्याच उरलो. मुली ओटीवर मोबाईल घेऊन बसायच्या. फेर बंद करून स्पीकर लावावा असंही बोलणं निघालं. मग तो शेळीचा सिनेमा आला. कार्टूनच, पण गाण्यांनी भरलेलं. एका लहान शेळीची गळ्यातली घंटा हरवते. ती शोधायला शेळी डोंगर चढते आणि घंटा नाही म्हणून स्वतःच गात जाते, एवढीच गोष्ट. माझ्या नातीने तो इतक्या वेळा लावला की हिंदी असूनही मला पाठ झाला. त्यातल्या डोंगर चढायच्या गाण्यावर मी गौरीचे शब्द बसवले. त्या वर्षी नात फेरात आली आणि तिच्यामागून तिच्या मैत्रिणी. पुढेही तेच गाणं चाललं. मागच्या गणपतीत मात्र मुलींचे पाय कंटाळलेले दिसले.

"आजी, किती वर्षं तेच गो?" नात म्हणाली. "पुढच्या वर्षी नवीन दे, नायतर आम्ही सरळ स्पीकर लावणार."

म्हणून या उन्हाळ्यात त्या सिनेमाचा दुसरा भाग महाडला लागला तेव्हा नातीपेक्षा घाई मलाच होती. त्यात चांगली चाल नसली तर फेर पुन्हा आम्हा म्हाताऱ्यांवर येणार होता, आणि आम्ही आता किती वर्षं फिरणार?

"म्हातारपणी कार्टून बघाय चाललीस?" जाऊ म्हणाली. "येताना मला फुगा आण."

नातीला घेऊन मी पोलादपूरहून एसटीने गेले. पडद्यावरचे रंग बघत राहावेत असे होते, शेळीच्या अंगावरचा केस न् केस दिसत होता. पण आता ती मोठी झालेली. शहरात जाते, तिचं नाव होतं, सगळीकडे दिवे आणि गर्दी. आणि गाणी इतकी पळणारी की एक शब्द दुसऱ्याच्या अंगावर पडतो. प्रत्येक गाणं मी पायांवर लावून बघत होते. फेरात दोन पावलं पुढे, एक मागे, मग वाकून टाळी. वाकताना बाईला दम घ्यायला जागा लागते. या गाण्यांत ती जागाच नव्हती. तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरचा माणूस मागे वळून म्हणाला, "मावशी, सीट हलतेय माझी." मी पाय पोटाशी घेतले आणि पुढचा बराच सिनेमा तशीच बसले.

शेवटाकडे शेळीची आई येते. संध्याकाळी कड्यावर उभी राहून ती लेकीला हाक मारते, ढोल नाही, काही नाही. थिएटरात लोक मोबाईल बघायला लागले होते. माझे पाय मात्र आपोआप खाली आले. जिथे वाकायचं, बरोबर तिथे गाणं थांबत होतं. मी नातीकडे पाहिलं. ती जांभई देत होती.

एसटीत ती म्हणाली, "पहिलाच चांगला होता."

मलाही तसंच वाटलं. पहिल्यात प्रत्येक गाण्याने शेळी थोडी वर चढत होती. दुसऱ्यात गाणी पाहुण्यांसारखी येतात, जेवतात आणि जातात. पण आईच्या गाण्याचा विषय मी काढला नाही. ते कंटाळवाणं आहे असं तिने म्हटलं असतं तर सगळंच संपलं असतं.

घरी जाऊ पडवीत कुळीथ निवडत बसली होती. "कसा हाय दुसरा?"

"पयल्याची सर नाय," नात म्हणाली.

"मग गाण्याचं काय?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी शब्दांशिवाय ती चाल गुणगुणले.

"ही तर अंगाई," जाऊ म्हणाली. "बायका फिरता फिरता घोरतील."

"ते आईचं ना? बोअर आहे गो ते," नात म्हणाली.

मी गुणगुणणं थांबवलं. पण जाऊला चाल बसून कळत नाही. तिने सूप बाजूला सारलं, उठली आणि नातीचा हात धरला. "चल, फिरून तरी बघू." मी पुन्हा गुणगुणायला लागले. पहिली फेरी सावकाश झाली, दुसरी जरा पळती, आमचा फेर असाच वाढत जातो. थोड्या वेळाने टाळी आपसूक जागेवर पडायला लागली.

"आजी, हे चालतंय," नात म्हणाली. आणि फिरता फिरताच तिने म्हटलं,

*डोंगर उतर गौराबाई, दिवा लागला दारी.*

हे शब्द माझे नव्हते, मी ते मनातही आणले नव्हते. जाऊने ते उचलले आणि मोठ्याने म्हटले. नातीने कुंपणावरून मैत्रिणींना हाक मारली, "या गो, यंदाचं गाणं आलंय."

मी आत जाऊन तांदूळ धुवायला घेतले. बाहेर दोघींच्या चौघी झाल्या होत्या.