दानपेटी, ज्वारी आणि डावी थाप

सुतारानं पेटी आणून दारात ठेवली, तेव्हा तिच्या वरच्या फळीला नोट जाईल एवढी फट होती.

"ही फट कशाला?" मी विचारलं.

"तुमीच म्हणला की, बंद पेटी पाहिजे. म्या आजवर बंद पेट्या देवळासाठीच केल्यात."

"मग पुढचं हे गोल भोक कसलं वाटलं तुम्हाला?"

"म्हणलं, मोठे देणगीदार असतील."

मला पेटी हवी होती गाडीच्या डिकीत, सबवूफर म्हणजे ठेका हादरवणारा मोठा स्पीकर बसवायला. ज्या बाईला साधा रेडिओसुद्धा मोठ्यानं लावलेला खपत नाही, तिला हे कुठलं वेड लागलं, असं सगळं ईट गाव विचारत होतं. वेड दादांमुळं लागलं होतं. दादा म्हणजे माझे वडील. जन्मभर त्यांनी गायन पार्टीत ढोलकी वाजवली. जयंतीच्या दिवसांत तर ते घरी फक्त कपडे बदलायला येत. मग हळूहळू कान गेले. मशीन आणलं, तर म्हणाले, कानात कुणीतरी पत्रे ओढतंय, आणि ते काढून ठेवलं ते ठेवलंच. चालू गाण्यात गायकाला शिव्या घालणारा हा माणूस आता घरात बसून नुसतं "व्हय" आणि "न्हाय" म्हणायचा, तेही चुकीच्या जागी. मला ते बघवत नव्हतं.

एकदा त्यांना घेऊन सोनारीहून येताना आमच्यापुढं डीजेचा ट्रॅक्टर लागला. मी हॉर्न वाजवून, शिव्या देऊन घसा बसवून घेतला. दादांना ना हॉर्न ऐकू येत होता ना डीजे. पण गाडीची सीट हादरत होती आणि त्या ठेक्यावर त्यांची बोटं मांडीवर चालू होती. त्या दिवशी मी ठरवलं, ह्यांना कानानं नाही तर पाठीनं ऐकवायचं.

गाडी जुनी. आधीच्या मालकानं सीटखाली एक छोटा अॅम्प्लिफायर सोडलेला. डिकीत आईची गाठोडी, त्यामुळं पेटीही छोटीच. मी शोधून वाचलं, की स्पीकरच्या भोकाशिवाय आणखी एक भोक असलेल्या पेटीतून आवाज मोठा येतो पण घुमत राहतो. बंद पेटीत थाप पडते आणि जागच्या जागी संपते. ढोलकीवरच्या डाव्या हाताच्या जाड थापेला तेच पाहिजे.

आधी ती दानाची फट बुजवायची होती. "आतली हवा बाहेर जाता कामा नये," एवढं आईला सांगून मी आंघोळीला गेले. येऊन बघते तर आईनं फटीत पट्टी ठोकून वरून शेणमातीनं लिंपून काढलं होतं, कणगी लिंपतात तसं. मी कपाळाला हात लावला. मग वाकून फुंकर मारून बघितली. हवा जात नव्हती.

पुढचं काम, पेटीत किती लिटर जागा आहे ते मोजणं. कारण प्रत्येक स्पीकरच्या कागदावर त्याला केवढी पेटी लागते ते लिहिलेलं असतं. पाणी ओतलं तर प्लायवूड फुगणार. म्हणून दुधाच्या मापानं ज्वारी मोजून ओतली. वीस लिटरला थोडं कमी भरलं. तो आकडा घेऊन मी परंड्याला स्पीकरच्या दुकानात गेले.

दुकानदारानं बारा इंची धूड काउंटरवर ठेवलं. "ताई, ह्योच न्या. आरसा असा हादरंल, मागची कुर्डुवाडीची एसटी एकीच्या दोन दिसतील."

"मला एक दिसली तरी पुरे. आणि भोक वाढवलं तरी हा माझ्या पेटीत घुसमटेल. अॅम्प्लिफायरपण छोटा आहे."

"मग पेटी बदला, अॅम्प बदला."

"वडील बदलता येत नाहीत," मी म्हणाले. त्याचा काय अर्थ लागला त्याला कुणास ठाऊक, पण त्यानं मागून धुळीनं माखलेला एक दहा इंची काढला. कागदावर छोटी बंद पेटी चालेल असं होतं, थोड्या वॅटवर हलणारा होता. मी तोच उचलला.

घरी आले, तर पेटीत ज्वारी तशीच, वर कडुलिंबाचा पाला, आणि गोल भोकावर ताट ठेवून तेही शेणमातीनं लिंपलेलं.

"आई!"

"हवा जात न्हाय म्हणलीस की. बियाण्याला ह्याच्यापरीस बरी जागा कुठली?"

मी भांडले. ती म्हणाली, स्पीकर काय उद्याबी बसंल, किडा आजच लागतो. शेवटी बियाण्यासाठी नवा डबा कबूल करून पेटी सोडवून घेतली. झाडून रिकामी केली, तरी काही दाणे कोपऱ्यात दडून राहिलेच.

स्पीकर बसवला. पार्टीच्या जुन्या कॅसेटवरची गाणी मी फोनमध्ये भरून घेतली होती. आईला पुढं, दादांना मागं बसवलं आणि सोनारीच्या रस्त्याला गाडी काढली. पहिली थाप पडली तशी आत ज्वारी खुळखुळायला लागली. थाप, खुळखुळ, थाप, खुळखुळ. मला रडू यायचं बाकी होतं. आई म्हणाली, "घुंगरं बरी घातलीस."

दादांना ज्वारी ऐकू येत नव्हती, गाणंही नाही. त्यांनी सीटच्या पाठीवर तळवा टेकला आणि डोळे मिटले. मी आरशातून एकसारखी बघत होते. एकाएकी त्यांनी डोळे उघडले आणि गाडीतल्या सगळ्यांना पुरून उरेल अशा आवाजात ओरडले, "कोण हाय रं ह्यो? डावा हात बरा हाय, पण घाई लई करतंय बेणं! गाणारा मरंल की मागं पळून पळून!"

इतकी वाक्यं सलग मी कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. मी गाडी कडेला घेतली.

आईनं मागं वळून त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली आणि बोट त्यांच्याच छातीवर टेकवलं.

"म्या?" दादा म्हणाले.

आईनं मान डोलावली.

त्यांनी तळवा परत सीटवर ठेवला, एक अख्खं कडवं तपासून बघितलं. मग मला म्हणाले, "परत पयल्यापासून लाव. म्या सावकाश वाजवून दावतो."

आणि मांडीवर दोन्ही हात घेऊन थांबले.