गुरुवारपर्यंतचा युर्त

बिश्केकच्या त्या वसाहतीत कुणी वारलं, की आधी फोन जायचा तो इशेनकुलला. जाळीच्या भिंती उलगडायच्या, वर छताचं कडं चढवायचं, लोकरीचे जाड नमदे आवळून बांधायचे, की चार मजली इमारतींच्या मधल्या अंगणात दीड तासात गोल तंबूसारखा युर्त उभा. मग मयत आत, बायका आत, पुरुष बाहेर, तीन दिवस. चाळीस वर्षं त्याने हेच केलं. माणूस तुसडा होता. कुणी डोळे पुसायला लागलं की हा दोऱ्या तपासायला जायचा. लोक त्याला दगड म्हणत आणि काम निघालं की त्यालाच बोलावत.

त्या वसंतात दवाखान्याने त्याच्या बायकोला, कालिपाला, घरी पाठवलं. आता औषधाचा उपयोग नव्हता. त्याच महिन्यात अंगणात आखणीच्या खुंट्या ठोकल्या गेल्या. तिथे बारा मजल्यांची इमारत यायची होती.

"म्हणजे मला जिन्यातूनच निरोप देणार," कालिपा म्हणाली. "सगळ्या वसाहतीचे युर्त उभारलेस, म्हाताऱ्या, आणि माझ्या वेळेला जागाच नाही."

इशेनकुल उठून दोऱ्या तपासायला लागला. ते त्याला फार लागलं.

दाटीच्या बांधकामांना आळा घालायचा ठराव नगरसभेपुढे होता. इशेनकुल शेजारच्या झिनाईदाला घेऊन ऐकायला गेला. एक नगरसेवक म्हणाला, अंगणं गिळली तर शहरात ऊन कुठे पडणार. दुसरा म्हणाला, तरुण जोडप्यांनी भाड्याच्या खोल्यांतच म्हातारं व्हायचं का? हे इशेनकुललाही पटलं. त्याची धाकटी लेक तीन खोल्या बदलून बसली होती. मग नागरिकांना दोन-दोन मिनिटं मिळाली. तो उठला. "मयताला जागा कुठे ठेवली आहे?" एवढंच त्याने विचारलं. वरून उत्तर आलं, त्यासाठी हॉल मिळतो की. पुढे जेवणाची सुट्टी झाली.

मतदान गुरुवारवर गेलं. ठरावात मेख एकच होती: जिथे खोदकाम सुरू झालं असेल, तिथे हा नियम लागणार नव्हता. हे ऐकायला बिल्डरची माणसंही बसली होती, आणि त्यांना लिहिता-वाचता येत होतं.

"मंगळवारी सकाळी खोदायचं मशीन येणार," झिनाईदाने सोमवारी बातमी आणली.

"युर्त लाव," कालिपा म्हणाली.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. नाहीतरी लावायचाच आहे."

"जित्या माणसाचा युर्त लावू? वेड लागलंय तुला."

"मेल्यावर लावायला जागा राहिली तर लावशील ना? मला खाली ने. आत चहा पीत बसेन."

"मी खोटं बोलणार नाही. कुणी विचारलं तर खरं सांगेन."

"आपल्यात आधी कोण विचारतं?" कालिपा म्हणाली.

ते खरंच होतं. अंगणात युर्त दिसला की पुरुषाने लांबूनच गळा काढत यायचं, दारातल्या माणसाच्या गळ्यात पडायचं, आणि रडणं ओसरल्यावर कोण गेलं ते विचारायचं. आधी चौकशी करून मग रडणाऱ्याला लोक नावं ठेवतात.

मंगळवारी खोदायचं मशीन वळणावर आलं आणि थांबलं. मुकादम बेकबोलोत तालासकडचा, जुने रिवाज पाळणारा होता. त्याने युर्त पाहिला, इंजिन बंद करायला सांगितलं, टोपी सारखी केली, आणि मोठ्याने हंबरडा फोडत अंगण ओलांडून आला. युर्ताच्या दाराशी इशेनकुल काठीवर वाकून उभा होता. रिवाजाप्रमाणे आता त्याने आपल्या रडण्याने साथ द्यायची होती. त्याच्या तोंडून आवाज फुटेना.

बेकबोलोतचं रडणं हळूहळू उतरलं. त्याने मान वर करून बघितलं. घरचाच माणूस गप्प असलेला युर्त त्याने आजवर पाहिला नव्हता. त्याची नजर युर्तावरून खुंट्यांकडे गेली, खुंट्यांवरून मशीनकडे.

इशेनकुलने डोळे मिटले. नमद्याच्या पलीकडे कालिपा खोकली आणि तिने तो खोकला रुमालात दाबला. हा आवाज आता फार दिवस ऐकायला मिळणार नाही, हे त्याला एकदम कळलं. वसंतापासून माहीत होतं, कळलं आत्ता. त्याच्या तोंडून "माझी सोबतीण" एवढेच शब्द निघाले, आणि मग तो रडायला लागला तो थांबेचना. चार मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. बेकबोलोतने त्याला घट्ट धरून ठेवलं.

"आजोबा, आवरा," तो म्हणाला. "तीन दिवस इथे कुणी फावडं लावणार नाही. मालकाला मी बघतो." तो परत फिरला. कोण गेलं हे विचारायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

मशीन गेल्यावरही इशेनकुल हुंदके देत होता. तो आत गेला तेव्हा कालिपा रजयांवर टेकून बसली होती. चहा गार झाला होता.

"एवढं होतं तुझ्या पोटात?" ती म्हणाली.

"बाई, गप्प बस."

"चाळीस वर्षांत एकदा तरी दाखवायचंस." मग तिने त्याचा हात हातात घेतला. "बरं झालं, आजच रडलास. मागाहून रडला असतास तर मला कसं कळलं असतं?"

गुरुवारी झिनाईदाने सभेतून फोन केला. ठराव दोन मतांनी तरला. अंगण राहिलं.

कालिपा सप्टेंबरच्या सुरुवातीला गेली. इशेनकुलने युर्त स्वतः लावला, कुणाला दोरीला हात लावू दिला नाही. पुरुष लांबून रडत आले. बेकबोलोतही आला, आणि आत्ता गेली ती याची बायको, हे कळल्यावर इशेनकुलकडे बराच वेळ बघत राहिला. पण वसंतातल्या युर्ताचा विषय त्याने काढला नाही. इशेनकुल काठीवर वाकून तीन दिवस उभा राहिला. त्याने गळा काढला नाही. बायकोला साधं रडलाही नाही, असं लोक बोलले. त्याने बोलू दिलं. जिला ऐकायचं होतं, तिने ऐकलं होतं.