आत्याची तपासणी
स्पिरिटच्या दिव्याचा वास आला की मला बालाघाटच्या दवाखान्यातली तपासणीची ती अरुंद खोली आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मधुमेहानं बाबांच्या दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या. आजोबाही असेच अंगावर सूज येऊन गेले होते. भावाला एक किडनी द्यायची म्हणून आत्या तिरोडीहून सकाळच्या गाडीनं आली. "मले का झालं? मी तं ठणठणीत आहो," ती म्हणाली. तपासणाऱ्यानं तिच्या लघवीची काचनळी दिव्यावर धरली. तापताच वरचा भाग दुधासारखा पांढरा झाला. बाबांच्या वेळीही तसाच झाला होता; बिघडलेल्या किडनीतून लघवीत उतरलेली प्रथिनं तापली की अशी गोठतात. त्यानं दुसरी नळी घेतली, तीही पांढरी झाली. मग रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "बाई, आप किडनी नहीं दे सकतीं. ये आपके खानदान में है." आत्यानं माझ्याकडे बघत हळूच विचारलं, "डॉक्टरसाहेब, हिचंबी पाहून घेता का?" मी खोलीबाहेर निघून गेले. बाबा त्याच वर्षी गेले, आत्या काही वर्षांनी. आता मी तिच्या वयाची आहे आणि मलाही साखर आहे. दर सहा महिन्यांनी लघवी तपासायला जाते, पण मुलीला सोबत नेत नाही.