ईदच्या दुपारी मोजलेले तारे

सर त्या महिनाअखेरीला निवृत्त होणार होते आणि त्यांचा तारा काही केल्या ऐकत नव्हता.

तारा तरी कसला, सूर्यापुढं अगदीच चिल्लर. लाल, मंद. आकाशात असल्यांचीच गर्दी, पण वजन आणि जाडी नीट कळते ती जोडीनं फिरणाऱ्यांची, आणि आमचा जोडीतलाच. दोघं एकमेकांना आळीपाळीनं झाकतात, तेव्हा उजेड घटतो. तो किती वेळानं आणि किती घटतो, तारे किती वेगानं येतात-जातात, एवढं हाती आलं की उरलं गणित. वेधशाळेतून आणलेले आकडे आमच्याकडं होते. गणितच जमत नव्हतं. वेगाचे ठिपके रेषेवर बसायचं सोडून सांडलेल्या मुरमुऱ्यांसारखे कागदभर पसरायचे. एकच तारा एकाच वेळी जवळ येतोय आणि दूरही जातोय, असा त्याचा अर्थ होत होता. मी दुर्बिणीला शिव्या घालून मोकळा झालो होतो.

सरांचा जन्म शिकवण्यात गेला. एक तरी तारा स्वतः मोजून जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांच्याकडं बघून मला फार वाईट वाटायचं.

ईदला त्यांनी घरी बोलावलं. मी त्यांचा विद्यार्थी, सिल्लोडचा, क्रांती चौकाजवळ खोली घेऊन राहणारा, मेसच्या वरणाला विटलेला. शीरखुर्म्याची दुसरी वाटी चालू असताना सरांची धाकटी नात आली, सलाम करून ईदी घेऊन गेली. जरा वेळानं पुन्हा तोच हिरवा शरारा, तोच सलाम.

"आत्ताच घेऊन गेली ना गं तू?" सर म्हणाले.

"मैं कब ली दादा? उने ली," म्हणत तिनं दाराकडं बोट केलं. तिथं तिची जुळी बहीण खिदळत उभी होती.

सरांनी नोट काढली आणि हात तसाच राहिला. "अरे," ते मला म्हणाले, "आपण बी हेच करायलो की. दर खेपेला तोच तारा झाकला जातो, असं धरून बसलोय."

खरंच होतं. जोडीदार इतका मंद असणार की तो झाकला गेला तरी कळायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवून टाकलं होतं. दोघं सारखेच असतील, तर एका फेरीत उजेड दोनदा घटणार, म्हणजे फेरीचा काळ आम्ही धरला त्याच्या दुप्पट.

नव्या शेरवानीतच त्यांनी स्कूटर काढली. आमच्या भौतिकशास्त्र विभागाला सुट्टी होती, किल्ली सरांकडं. मी संगणकात काळ दुप्पट केला आणि ठिपके दोन सुरेख लाटांवर जाऊन बसले. मला इतका आनंद झाला की मी खुर्ची लाथाडून उभाच राहिलो. वजन निघालं, जाडी निघाली. दोघंही पुस्तकी हिशेबापेक्षा जरा जाडच.

"शीरखुर्मा लई झाला असंल," मी म्हणालो.

सर हसले, मग चष्मा काढून डोळे पुसत राहिले.

"एवढी वर्षं दुसऱ्यांनी मोजलेले तारे शिकवले रे," ते म्हणाले. "हे दोन आपले."